गुणाजी मुद्गलवाला

भायखळ्याचा पूल मागे पडला आणि मीराबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. निदान दहा मिनिटं तरी उशीर होईल.

"थांबा वैनी, तो बघा कोपऱ्यावर चपला शिवणारा बसलाय," गुणाजी म्हणाला. त्याने एका काखेतली तेलाची बाटली दुसऱ्या काखेत घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उभा म्हणजे कसा, तर तालमीत उभा राहावा तसा, पाय थोडे फाकलेले, छाती पुढे. तोंड मात्र पोराचा दहावीचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखं.

लालबागहून निघून त्यांना पाऊण तास झाला होता. जायचं होतं गिरगावात, दमयंतीच्या घरी. दमयंती टेलिफोन खात्यात कामाला, वय अडतीस. जानेवारीत बेचाळीस किलोमीटरची शर्यत धावायची म्हणून ती वर्षभर रोज पहाटे चौपाटीवरून नरिमन पॉइंटपर्यंत धावत जायची आणि धावत परत यायची. व्यायामाला म्हणून गुणाजीकडून तिने लाकडी मुद्गलांची जोडी नेली होती. आणि आज नऊ दिवस ती अंथरुणावर पडून होती. मुद्गल फिरवताना कमरेत कट्‌कन आवाज झाला, ती जी खाली बसली ती पुन्हा उठली नाही, एवढंच या दोघांना कळलं होतं. तेही तिसऱ्याच माणसाकडून.

बस होती. पण गुणाजी बसने जायचा नाही. गिरण्यांच्या संपाच्या दीड वर्षात तो रोज काम मागत लालबागहून रे रोडच्या लाकडाच्या वखारींपर्यंत आणि तिथून कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत पायी फिरला होता. संपाला आता तेवीस वर्षं झाली, पण ती चाल त्याच्या पायांतून गेली नाही. जिथे काळजी जास्त, तिथे तो हटकून चालत जायचा.

मीराबाई मात्र आज मुद्दाम चालत आली होती. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती बसमध्ये चार माणसांत सांगण्यासारखी नव्हती. मुद्गलांबरोबर जो छापील कागद जायचा, तो तिने लिहिला होता. गुणाजीने सांगितलेली एक ओळ तिने त्यातून गाळली होती. गुणाजीला ते ठाऊक नव्हतं.

अंगठा शिवून झाला. मीराबाईने चप्पल पायात सरकवली. "भावजी," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चला."

गुणाजी कणकवलीकडचा. सोळाव्या वर्षी मुंबईत आला आणि मीराबाईचा नवरा लवू याने त्याला आपल्या गिरणीत, आपल्याच खात्यात बदली कामगार म्हणून लावून घेतलं. दोघे साच्यांवर, म्हणजे मागांवर. पाळी सुटली की दोघे चाळीमागच्या तालमीत. लाल माती, कोपऱ्यात शेंदरी मारुती आणि भिंतीला टेकवून ठेवलेले मुद्गल. लवूला जोर-बैठका आवडायच्या, गुणाजीला मुद्गल. तो ते डोक्यामागून फिरवायला लागला की बघणाऱ्याला वाटायचं, लाकूड आपणहून फिरतंय आणि हा नुसता त्याच्याबरोबर उभा आहे.

मग संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता वर्ष गेलं. गुणाजीची बायको रमाबाई दोन्ही पोरांना घेऊन गावी गेली आणि तिथेच भातशेतीत रमली. तालीमही ओस पडली. पोटात काही नसताना जोर काढले तर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे कोणी कोणाला सांगितलं नाही, एकेक जण यायचा बंद झाला एवढंच. किल्ली गुणाजीकडे राहिली. लवूची छाती आधीच कापसाने धरलेली होती. संपानंतर चार वर्षांनी तो गेला. तेव्हापासून गुणाजी रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून "वैनी, काही हवं-नको?" असं विचारून जायचा. मीराबाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचा नाही. पाऊस असला तरी छत्री धरून बाहेरच. चाळीतल्या आनंदीबाईने एकदा चेष्टा केली, "अरे मेल्या, आत ये, ती काय तुला खाते?" तर हा कानापर्यंत लाल झाला आणि दोन दिवस फिरकला नाही.

पुढे त्याला रे रोडच्या एका वखारीत रात्रीच्या रखवालीचं काम मिळालं. तिथे लाकूड गोल घडवायचं लेथ मशीन होतं. दिवसा झोपायचं सोडून हा ते शिकला. पोळपाट, लाटणी, पाळण्याच्या दांड्या करायला लागला आणि मग एक दिवस त्याने तालमीसाठी मुद्गलांची नवी जोडी घडवली. जुन्या जोडीला चिरा पडल्या होत्या. ती नवी जोडी फिरवायला तालमीत माणूस कुठे होतं, हा प्रश्न वेगळा.

आणि दोन वर्षांपूर्वी तो दादरला कोणाचे तरी पाट पोचवायला म्हणून सकाळी सकाळी गेला, तो शिवाजी पार्कातून वेड लागल्यासारखा परत आला.

"काय माणसं धावतात तिथं वैनी! बायका, म्हातारे, सगळे."

"कोण लागलंय मागे?"

"कोणी नाही, हौशीनं. जानेवारीत मोठी शर्यत असते ना. पण सगळा जोर पायांत. पाय हरणाचे नि खांदे बघाल तर दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. चार फेऱ्या झाल्या की कंबर खचते, मान पुढे येते. मी कट्ट्यावर बसून बघत होतो. मला बघवेना."

"मग तुम्हाला काय करायचंय त्यांच्या खांद्यांशी?"

"त्यांना मुद्गल हवा," गुणाजी म्हणाला. जसं काही त्या सगळ्यांनी त्याला एकेक करून सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी त्याने पार्काच्या कट्ट्याजवळ गोणपाट अंथरलं आणि चार जोड्या मांडल्या, कांदेबटाटे मांडावेत तशा. अडीच तास बसला. एक माणूस थांबलं नाही. धावणारा माणूस थांबत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी मग हाच धावायला लागला. एक मुद्गल खांद्यावर टाकायचा, येणाऱ्या माणसाला गाठायचं आणि त्याच्या बाजूने धावत बोलायचं. त्यात त्याला पहिले भेटले अप्पा, हिंदू कॉलनीतले निवृत्त मास्तर.

"अहो, तुम्ही कोण?" अप्पा घाबरून म्हणाले. "आणि तो सोटा कशाला घेतलाय?"

"सोटा नाही साहेब, मुद्गल. घरात फिरवायचा, दहा मिनिटं. तुमची कंबर धरेल."

"माझी कंबर चांगली आहे!"

"चांगली नाही साहेब, मी मागून बघतोय."

अप्पा पुढच्या फेरीत थांबले. आधी पोट धरून हसले, मग जोडी घेतली. तेच पहिलं गिऱ्हाईक.

पण छपन्नाव्या वर्षी प्रत्येक गिऱ्हाइकामागे किती धावणार? त्यावर युक्ती मीराबाईने काढली. ती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. भजनी मंडळाच्या सूचना, चाळीच्या नोटिसा, गावची पत्रं, सगळं तिच्याकडे. ती म्हणाली, "तुम्ही कशाला धावता भावजी? अक्षरांना उभं करू. माणसं धावत येतील." मग तिने चार पुठ्ठे रंगवले. गुणाजीने ते कट्ट्याच्या कडेला पन्नास पन्नास पावलांवर बांधले. धावणाऱ्याच्या नजरेत ते एकामागून एक यायचे. पहिला म्हणायचा, पाय पळतात. दुसरा म्हणायचा, कंबर धरते. तिसरा, खांदे ओढतात. आणि चौथा, घरी दहा मिनिटं, मुद्गल, पुढे गुणाजी उभा आहे.

लोक हसत हसत चौथ्या पुठ्ठ्याशी यायचे आणि खरंच थांबायचे. दहा बाय बाराच्या खोलीत, कॉट आणि कपाटाच्या मध्ये उभं राहून करता येतं, मशीन नको, वीज नको, याचं त्यांना अप्रूप वाटायचं. गुणाजी त्यांना तिथेच शिकवायचा. पाठीमागे उभा राहायचा, दोन्ही मनगटं धरायचा आणि त्यांचा हात स्वतःच्या हाताने फिरवून दाखवायचा. ओळीने तीन-चार रविवार. मुद्गल सरळ हातात द्यायचाच नाही.

आणि तरी कागद हवाच, असं अप्पांनी सांगितलं. घरी गेल्यावर विसरायला होतं. तेव्हा गुणाजीने गॅलरीत उभं राहून मजकूर सांगितला आणि मीराबाईने उंबऱ्याच्या आत बसून उतरवून घेतला. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "पहिले एकवीस दिवस रिकाम्या हातांनी फिरवायचं. मग हलकी जोडी. मग जड."

चिंचपोकळीच्या छापखान्यात अर्ध्या पानात ते बसेना. छापणारा म्हणाला, बाई, एक ओळ काढा. मीराबाईने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वर 'जय बजरंगबली' होतं. देवाचं नाव कसं काढायचं? गुणाजीचं नाव, पत्ता काढून चालणार नव्हतं. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. आणि खरं सांगायचं तर, तिच्या मनात दुसरंही काही आलं होतं. नवी कोरी वस्तू घरी नेऊन कोण एकवीस दिवस रिकामे हात हवेत फिरवत बसणार? वाचूनच माणूस परत जाईल. आणि गुणाजी तर समोर उभा राहून शिकवतोच आहे. तिने ओळ काढली. कागद छान दिसला. छापील अक्षरं गुणाजीला वाचायला वेळ लागायचा. त्याने नुसतं वरचं बजरंगबलीचं नाव बघून कागद कपाळाला लावला आणि गठ्ठा पिशवीत टाकला.

त्यानंतर ऑक्टोबरातल्या एका रविवारी दमयंती पार्कात आली. एकटीच, धावण्याच्या कपड्यांत. तिने जोडी मागितली आणि गुणाजीची नजर खाली गेली ती वर आली नाही. तालमीत बाई कधी आत आली नव्हती. परक्या बाईच्या मागे उभं राहून तिची मनगटं धरायची, हे त्याच्या स्वप्नातही येणार नव्हतं. त्याने जोडी दिली, कागद दिला आणि जमिनीकडे बघून म्हणाला, "कागदात सगळं आहे, बाई."

म्हणजे ज्या एका माणसाला फक्त कागदच मिळाला, त्याच्याच वाट्याला ती ओळ आली नाही.

जे.जे.चा चौक आला. "भावजी, ऐका," मीराबाईने पुन्हा सुरुवात केली. पण गुणाजीचं आपलंच चाललं होतं.

"तिला पोरं असतील काय वैनी?"

"मला काय ठाऊक."

"असतील तर त्यांचं कोण करत असेल? नऊ दिवस झाले." चौक ओलांडता ओलांडता तो म्हणाला, "शर्यत गेली तर गेली. पण चालता येईल ना तिला? आमच्या खात्यातला दगडू आठवतो? कापसाची गाठ उचलताना कमरेत भरलं, पुन्हा ताठ झाला नाही तो. काठी आली हातात."

"तसं काही नसेल."

"कागदात मी सगळं सांगितलं होतं. मग कसं झालं? मी शंभरदा आठवून बघितलं. एकवीस दिवस सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. तेवढं खरं होतं.

"मग तिने ऐकलं नसेल," गुणाजी म्हणाला. लगेच त्याने मान हलवली. "नाही, असं म्हणणं पाप आहे. माझ्याच लाकडात खोट असेल. तिची कंबर कायमची गेली असली ना वैनी, तर उद्यापासून मी लेथला हात लावणार नाही. आहेत त्या जोड्या वखारीच्या बंबात घालीन."

तो असं बोलायचा ते करायचा, हे तिला माहीत होतं. संपानंतर त्याच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला होता तो या दोन वर्षांत. रविवारची सकाळ झाली की तो धुतलेला सदरा घालायचा. आणि आता तो सदरा तिच्या एका ओळीवर टांगलेला होता.

गोल देवळाशी रस्ता दोन्ही बाजूंनी फुटतो. मीराबाई थांबली, हात जोडले. नवस करावा असं मनात आलं, पण कशाच्या जोरावर? देवाचं नाव राखायला तिनेच ती ओळ काढली होती ना? त्यासाठी एका पोरीची कंबर जावी, असं मारुतीला आवडलं असेल का? गावच्या देवा रवळनाथा, ती बसती-उठती असू दे, एवढंच ती पुटपुटली, आणि मला तोंड उघडायचं बळ दे.

वाडी सापडायला वेळ लागला नाही. तळमजल्याची खोली, दारात एक म्हातारी सुपात सुकट निवडत बसलेली. कोळणीचं लुगडं, कानात जड सोनं, दंड अजून पुरुषासारखे. सोमवार होता, मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून घरी होती. ही दमयंतीची आई, तुळसाबाई. गुणाजीला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुद्गलवाला तूच काय?"

"हो, मावशी."

"ये. बघून घे तुजी करनी. आनि ती बाटली कसली?"

"तेल आहे. तालमीतलं. कमरेला..."

"ठेव तुज्यापाशीच. तुज्या लाकडानं मोडलं, आता तुज्या तेलानं बरं करतोस काय?"

गुणाजीने बाटली पाठीमागे लपवली. एवढा सहा फुटी माणूस, पण दारातच आखडून उभा राहिला. तुळसाबाईने आत हात घालून कोनाड्यातला कागद काढला. चौघडी घातलेला तोच कागद. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीने वाचून दाखवलेला तिला तोंडपाठ होता.

"मी बारा वर्साची व्हते तवा आयशीनं डोक्यावर पाटी दिली. रिकामी! म्हैनाभर रिकामी पाटी घेऊन मी भायखळ्याच्या बाजारात फिरले. पोरं हसायची, काय गो तुळशे, हवा इकतेस काय? मंग आयशीनं आत चार बोंबील टाकले. मंग दहा. मान तयार व्हईपर्यंत दोन वर्सं गेली. आनि तुजा ह्यो कागद सांगतो, पयल्या दिवशी उचल नि फिरव? कुनी लिवला ह्यो? तुला कुनी शिकवलंच नाय काय, वजन कसं घ्यायचं ता?"

गुणाजी गोंधळून मीराबाईकडे बघायला लागला. मग पुन्हा म्हातारीकडे. "मावशी, मीच सांगितला तसा लिहिलाय. माझ्याच सांगण्यात राहिलं असेल. चूक माझी."

आता गप्प बसली असती तर निभलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं, एकवीस दिवस रिकामे हात. कागद मी लिहिला. जागा पुरेना, म्हणून ती ओळ मी काढली. आणि वाटलं, हे वाचलं तर लोक घेणार नाहीत. यांना मी सांगितलंसुद्धा नाही."

तुळसाबाईचा हात सुपात थांबला. गुणाजीने मीराबाईकडे पाहिलंही नाही.

"आनि देवाचं नाव तेवढं ठेवलंस व्हय वर?" म्हातारी हळू आवाजात म्हणाली. त्या हळू आवाजाने मीराबाईला जास्त लागलं.

"आई, पुरे ना," आतून आवाज आला. "त्यांना आत तरी येऊ दे."

दमयंती जमिनीवर चटईवर उताणी पडली होती, गुडघ्यांखाली दोन उशा. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत जीव होता. भिंतीशी तिचे धावायचे बूट आणि त्यांच्याशेजारी गुणाजीची जोडी नीट पुसून ठेवलेली. मीराबाई तिच्याजवळ बसली. गुणाजी उंबऱ्यातच.

"डॉक्टर काय म्हणाले?" मीराबाईने विचारलं.

"फोटो काढला. हाड शाबूत आहे. स्नायू फाटलाय, चांगलाच. अजून महिनाभर असं, मग हळूहळू चालायचं." ती छताकडे बघत राहिली. "या जानेवारीत नाही. वर्षभर पहाटे चारला उठले. चला, गेलं."

गुणाजी उंबऱ्यावर बसला. ती चालणार होती. धावणारही होती, पुढेमागे. पण वर्ष मात्र गेलं होतं आणि ते परत देणं त्याच्या हातात नव्हतं. त्याने दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "जोडी मी घेऊन जातो, बाई," तो म्हणाला.

"हात लावू नका तिला," दमयंती म्हणाली. "मला एकच सांगा. पार्कात बाकीच्यांना तुम्ही मागे उभं राहून, मनगट धरून शिकवत होता. मी दोन रविवार लांबून बघितलं, म्हणून तर आले. मला नुसता कागद दिलात. का?"

गुणाजीने मान खाली घातली.

"बोल ना," तुळसाबाई म्हणाली. "बाईमानूस म्हनून?"

"तालमीत बायका येत नाहीत, मावशी. मला सवय नाही. हात कसा लावायचा..."

"अरे, माजी पाटी मनभर वजनाची. ती डोक्यावर चढवायला बाजारात जो बाप्या जवळ असंल त्याला मी हाक मारते. त्याचा हात लागतो, खांदा लागतो. काय व्हतं? पाटी चढते. दुसरं काय नाय व्हत." तिने सूप बाजूला ठेवलं. "तू माज्या पोरीचा मान ठेवलास, आनि तिची कंबर घालवलीस."

थोड्या वेळाने तुळसाबाईने चहा टाकला. तो तिघांनी घेतला. दमयंतीने कोपरावर उठायचा प्रयत्न केला आणि ओठ दाबून पुन्हा आडवी झाली. तिला प्यायला मीराबाईने बशी धरली. निघताना दमयंती म्हणाली, "मी उठले की मला शिकवा. कागद नको."

परतीला गुणाजी सी. पी. टँकपर्यंत भराभर पुढे चालत गेला. मीराबाई दोन पावलं मागून चालत होती. लवू गेल्यापासूनच्या अठरा वर्षांत तो तिला कधी वावगा शब्द बोलला नव्हता आणि आज त्याने बोलावं असं तिला वाटत होतं.

"भावजी, बोला मला काहीतरी. माझ्यामुळं झालं."

तो थांबला. "ओळ काढलीत ते चुकलंच, वैनी. विचारायला हवं होतं. मी चार दिवस नुसतं माझं लाकूड हुंगत होतो, गाठ कुठं राहिली म्हणून." तो राग गिळत होता की काय, तिला कळेना. "पण ओळ असती तरी मी तिला एकटीलाच सोडलं असतं. म्हातारी म्हणाली ते मला लागलं. त्याच पार्कात निम्म्या बायका धावतात. माझ्या चौथ्या पुठ्ठ्याशी येतात नि मी जमिनीकडे बघतो, त्या तशाच पुढे जातात. उद्या त्यातली एखादी नुसता कागद नेईल नि पडेल. रात्रभर मला झोप येणार नाही आता."

"मग बायकांना देऊच नका."

"ती म्हणाली ना, उठले की शिकवा. काय सांगू तिला?" पुढे जायला रस्ता मोकळा होता तरी तो हलला नाही. बाटली या हातातून त्या हातात केली. "वैनी, एक मागायचंय. तुम्ही शिका. नीट, पहिल्यापासून. मग तिला तुम्ही शिकवा, तिच्यामागून येतील त्या बायकांनाही. तुमचा हात त्यांना लागला तर कोणाला काही वाटायचं नाही."

"मी? बावन्न वर्षांची बाई मी, भावजी. आणि मला कोण शिकवणार?"

"मीच." त्याचे कान लाल झाले होते. पण या वेळी त्याने नजर खाली नेली नाही. "ते नुसतं सांगून येत नाही, वैनी. मागे उभं राहावं लागतं. लवूची परवानगी घेतली असती, पण तो नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमचं मनगट धरू द्याल?"